बघू

नोह साहेबांनी कार्ड दोन्ही हातांनी दिलं.
मी एका हातानं घेतलं, मागच्या खिशात घातलं
आणि त्याच्यावर बसलो.
दुभाषी तेजल चौगुले, कागलची पोरगी,
मान खाली घालून वहीत काहीतरी गिरवत राहिली.
अजून चहासुद्धा यायचा होता.

शिरोलीची शेड, दुपारचा एक.
पंप हाउसिंग, नग चौदा किलोचा, महिन्याला आठ हजार नग.
मी म्हणालो, किलोला एकशे अठरा.
नोह साहेब म्हणाले, "ने."
मी भंगाराचे दर सांगितले, विजेचं बिल सांगितलं.
"ने. ने."
ने काय, ने काय? माल नेऊ म्हणतोय का मलाच?
तेजल कुजबुजली, "ने म्हणजे हो."
मी टाळीसाठी हात पुढं केला.
"तसलं हो नव्हे, दादा. ऐकतोय, एवढंच."

मग ते गप्प बसले.
आमच्याकडं गप्प बसतो तो
एक तर रुसलेला, नाहीतर कोर्टात निघालेला.
पंखा फिरत होता. भिंतीवरचं घड्याळ माझ्याकडं बघत होतं.
मला राहवलं नाही. "बरं, एकशे पंधरा."
कुणीही मागितलं नव्हतं.
तीन रुपये गुणिले चौदा गुणिले आठ हजार,
महिन्याला तीन लाख छत्तीस हजार,
कुणाच्या तरी न बोलण्याला घाबरल्याचे.

आप्पा असते तर पायताण काढलं असतं.
आप्पा वडगावच्या बाजारातले हेडी.
रुमालाखाली दोन हात,
वर तोंडाची बडबड: पाऊसपाणी, कुणाची सोयरीक, कुणाची विहीर.
भाव खाली, बोटांत.
नऊ वर्षांचा मी, मधेच विचारलं, "किती म्हणतोय?"
घरी येईस्तवर आप्पा बोलले नाहीत.
मग चूळ भरून म्हणाले,
"भाव चारचौघांत आला की
देणाऱ्याचीबी जाते, घेणाऱ्याचीबी."
काय जाते ते सांगितलं नाही.

नोह साहेबांच्या डाव्या बाजूला तीन पोरं,
तिघांच्या वह्या उघड्या, पेन टेकवलेली.
मी फाइल मिटली.
"चला, भट्टी दाखवतो."

ओतलेले साचे रांगेत निवत होते.
नोह साहेबांनी कालचा एक नग उचलला,
हातोडीनं हलकेच टिचकावला, कानाशी धरला.
आवाज गेला तरी ते ऐकतच होते.
हे मला कळलं.
साचा निवेपर्यंत इथंही कुणी बोट लावत नाही,
घाईनं फोडला की तडा बघायला मिळतो.
आम्ही दोघं उभे राहिलो, घामेजलेले, मुके,
आणि मला एकदाही एकशे चौदा म्हणावंसं वाटलं नाही.

रात्री जेवताना त्यांनी माझं वय विचारलं.
"चिडू नका," तेजल म्हणाली, "कसं बोलायचं ते ठरवतात."
म्हणजे अहो का अरे, हेच ना?
मी दोन वर्षांनी थोरला निघालो.
लगेच त्यांनी बाटली उचलली,
उजव्या कोपराला डावा हात लावून माझा ग्लास भरला.
मीही ग्लास तसाच धरला, तीर्थ घेतात तसा.
देवळात शिकलेलं भलत्याच ठिकाणी उपयोगी पडलं.
पांढरा रस्सा त्यांनी तीनदा घेतला.
तांबड्याला लांबूनच नमस्कार केला.
पंप हाउसिंगचा विषय कुणीच काढला नाही.

गाडीपाशी ते लांबलचक काहीतरी बोलले.
तेजलनं जरा थांबून त्याचा एकच शब्द केला:
"म्हणतात, बघू."
बघू आपल्याला ठाऊक आहे.
वर्गणीवाल्या पोरांना बघू,
मेव्हण्यानं उसने मागितले की बघू,
आणि मुलगी बघून परतताना, जिन्यावर, बघू.

मी काही विचारलं नाही.
गुळाची ढेप फडक्यात बांधून आणली होती,
ती दोन्ही हातांनी पुढं केली.
त्यांनी दोन्ही हातांनी घेतली,
आणि फडक्याखाली, ओझं सावरता सावरता,
त्यांची बोटं माझ्या तळव्यावर दाबली गेली.
मी मोजली.

गाडी हायवेला लागली.
तेजल म्हणाली, "दादा, काय झालं?"
म्हटलं, भाव सांगितला बहुतेक.
पण वडगावच्या हिशेबानं का त्यांच्या,
ते काही कळलं नाही.